झेंड्यातले गुलाब

ईशान, रेवा,

हे मी तुमच्या आजोबांनासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि त्यांना तर मी वर्गात कुणाचं नाक गळत होतं हेही सांगत असे. आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. दोन ओळींनंतर कागद फाडला — त्या भाषेत माझी चूक फार सभ्य दिसायला लागली.

वसावे सरांच्या गोष्टी तुम्ही फोनवर माझ्याकडून पुष्कळ ऐकल्यात. धडगावकडच्या पाड्यावरचे. सोळा वर्षं फौजेत काढून, हवालदार होऊन परतले आणि शहाद्याजवळच्या आमच्या शाळेत कवायत आणि भूगोल शिकवायला लागले. तासिकेवर — म्हणजे कायमची नोकरी नाही, संस्थेने नको म्हटलं की संपलं. पोरी त्यांच्यासाठी पहाटे मैदानावर यायच्या. हे सगळं मी सांगितलं. पण ते शाळा सोडून का गेले, असं रेवाने विचारलं तेव्हा मी काय म्हणाले? — ‘गावाकडे जायचं होतं त्यांना.’ खोटं होतं ते.

मी तिथे मुख्याध्यापिका होते. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी शिक्षकखोलीत मी म्हणाले, पाहुणे मोठे आहेत, या वर्षी झेंड्यात माझ्या बागेतल्या गुलाबांच्या पाकळ्या घालू. सर म्हणाले, “फुलं नको, मॅडम. झेंडा झेंडाच बरा.” आमच्या पाटीलबाई हळूच म्हणाल्या, “मॅडमनी आर्डर बी क्यान्सल व्हयनी!” — म्हणजे मॅडमचा हुकूमही रद्द झाला. सगळे हसले. मीही हसले. पण — तासिकेवरचा माणूस मला चारचौघांत नको म्हणतो?

सकाळी सर झेंड्याची घडी दोरीला बांधून मुलांच्या रांगा लावायला गेले. मी ती दोरीवरून सोडली. घडी उलगडली, पाकळ्या ठेवल्या, पुन्हा घडी करून बांधली, अगदी माझ्या नेहमीच्या नीटनेटकेपणाने. वर कुठली बाजू, हे पाहिलं का? पाहिलं, असं मला वाटलं.

पाहुण्यांनी दोरी ओढली. पाकळ्या पडल्या. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. हिरवा पट्टा वर होता.

सर सॅल्यूटमध्ये होते. त्यांनी हात खाली घेतला, धावत आले, झेंडा उतरवला, सरळ करून पुन्हा चढवला. मग खाली पडलेली एक पाकळी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. एकदाच. संस्थेच्या अध्यक्षांसमोर ताठ उभे राहून म्हणाले, “चूक माझी, साहेब. दोरी माझ्या ताब्यात होती.”

मागून पालकांतून कुणीतरी म्हणालं, “सोळा वरीस फौजमा व्हता म्हने!” लोक हसले.

बोलायला किती वेळ लागला असता? ‘मी सोडली होती दोरी’ — चार शब्द. माझी जीभ कोरडी पडली नव्हती, हातपायही कापत नव्हते. मी पदर सारखा केला आणि राष्ट्रगीत सुरू करायची खूण केली.

त्यानंतरही वेळ होता. दुपारी संस्थेने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, ‘ध्वज बांधण्याची जबाबदारी श्री. वसावे यांच्याकडे होती.’ या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही — म्हणून तर ते निवडलं. आठवड्याभरात त्यांच्या तासिका बंद झाल्या.

झेंडा उलटा लावणारा फौजी, ही ओळख घेऊन तो माणूस काही दिवस शहाद्याच्या बाजारातून फिरला. मग डोंगरात परत गेला. पाड्यावरच्या मुलांना फुकट शिकवलं, पोलीस भरतीसाठी पोरींना पळायला लावलं, आजारी बायांना झोळीतून रस्त्यापर्यंत आणलं. हे मी तुम्हाला किती अभिमानाने सांगायचे — जणू मीच त्यांना तिकडे पाठवलं होतं. तसं पाहिलं तर पाठवलंच.

मी निवृत्त झाल्यावर एका रक्तदान शिबिरात ते भेटले. स्वयंसेवकाचा बिल्ला लावून रांग सांभाळत होते. मला खुर्ची दिली, पाणी आणून दिलं. मग म्हणाले, “मॅडम, गुलाब आहेत का अजून?”

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी म्हणाले, “आहेत.”

त्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. मग रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. आता सांगण्यात धाडस काही नाही, हे मला कळतं. तो खुलासा शाळेच्या कपाटात अजून असेल. खाली माझी सही आहे. खाडाखोड एकही नाही.