हिशेबाला आमेन

प्रार्थनेच्या वेळी आयामावशीचे डोळे उघडे असायचे. दोन हजार माणसं माना खाली घालून, पापण्या घट्ट मिटून उभी, आणि बायकांच्या बाजूला तिसऱ्या ओळीत ही ठेंगणी बाई टकटक बघत उभी. हे मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. अहो, मीही बघत होतो ना! मी चोरून बघायचो, ती उघड बघायची, एवढाच फरक.

"मावशी, प्रार्थनेत डोळे मिटावेत," असं मी एकदा तिला म्हणालो. मी आमच्या ख्रिस्ती मंडळीचा चिटणीस होतो, तेव्हा दुसऱ्यांना शिकवायचा हक्क मला आपोआप मिळाला होता.

"देवासमोर डोये मिटाचे गा बाबू," ती म्हणाली. "हिशेबासमोर काहून मिटाचे?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्याकडे हिशेब प्रार्थनेतच व्हायचा.

आमची मंडळी स्वतंत्र होती. वर बिशप नाही, परदेशी मिशन नाही, विचारणारा कोणी नाही. साठच्या दशकात पंधरा-वीस कुटुंबांनी जुन्या चर्चमधून फुटून टिनाच्या शेडमध्ये ती सुरू केली, आणि दहा-बारा वर्षांत दोन हजारांचा हॉल, चार भोंगे आणि दोन मजली पाळकनिवास उभा राहिला. पाळकांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, सगळे 'ब्रदर' म्हणत. आवाज असा, की दगडालाही पाझर फुटावा. वर्षाचा जमाखर्च मंजूर करायची वेळ आली की ब्रदर तो शेवटच्या प्रार्थनेत सांगत. "हे प्रभू, तुझ्या लेकरांनी यंदा इमारतीसाठी इतकं दिलं, विधवांसाठी इतकं दिलं, आणि ते सारं तुझ्याच कामी लागलं..." हार्मोनियम हलकेच सुरू व्हायची, आणि आम्ही दोन हजार माणसं म्हणायचो, "आमेन!" झाला जमाखर्च मंजूर. सूचक नको, अनुमोदक नको. देवालाच सांगितलेला आकडा खोटा म्हणायची छाती कोणाची?

आज आठवलं की शिसारी येते. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, म्हणून जास्तच येते. आठवडाभर मी खापरखेड्याला पॉवर हाउसच्या स्टोअरमध्ये बसून एकेका बोल्टाची नोंद मागायचो. चार नट कमी भरले तर फिटरला घाम फोडायचो. रविवारी मात्र माझी अक्कल हॉलबाहेर चपलांपाशी राहायची.

मावशी इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. माहेर सावनेरकडचं, शेतकऱ्याचं. पायात इस्पितळातले पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि चाल अशी की जणू कुठंतरी कळा सुरू झाल्या आहेत आणि हिला निरोप आला आहे. तिला आम्ही सगळेच थोडे हसायचो. हंगामाच्या सणाला लोक घरची कोंबडी, अंडी, भाजी देवाला म्हणून आणतात, मग तिथंच लिलाव होतो आणि बाजारात आठ आण्याला मिळणारी वस्तू भक्तीपोटी तीन रुपयांना जाते. एका वर्षी मावशीनं असंच तीन रुपयांना कोहळं घेतलं आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"पावती."

"कोहळ्याची पावती?" मला हसू आवरेना.

"कोहयं माहं हाये. पैसा देवाचा हाये. मधात तू कोन, थे लिहून दे."

मागची रांग खो खो हसली. पावतीपुस्तक नव्हतंच. शेवटी एका चिठोऱ्यावर लिहून सही करून दिलं, ते तिनं पदराच्या गाठीत बांधलं. दुसऱ्या दिवशी त्याच कोहळ्याच्या तळलेल्या गोड बोंडांचा डबा आमच्या घरी आला. बायको म्हणाली, "एवढी चांगली बाई, हिला हसता कशाला?" मी बोंडं खात राहिलो.

पण तिचा जीव अडकला होता तो एकाच फंडात. त्याचं नाव 'विसावा फंड'. आम्ही फुटून निघालो तेव्हा जुन्या मंडळ्यांनी साफ सांगितलं होतं, की तुमची माणसं तुमच्या जागेत पुरा. आमच्याकडे जागा कुठली? ज्यांचे नातेवाईक जुन्या चर्चमध्ये होते त्यांची सोय लागायची. मावशीचा नवरा, रेल्वेतला शिपाई, भर मे महिन्यात वारला, तेव्हा तिचं तिथं कोणी नव्हतं. इतवारी बाजारातून बर्फाच्या लाद्या आणून त्याला झाकून ठेवला, आणि ही बाई दिवसभर उन्हात या फाटकापासून त्या फाटकापर्यंत हात जोडत फिरली. संध्याकाळी एका जुन्या चर्चनं दया येऊन कबरस्तानाच्या भिंतीलगत कोपरा दिला. त्यानंतर ब्रदरनी स्वतःच्या कबरस्तानासाठी फंड काढला. बाकीचे महिन्याला दोन रुपये द्यायचे, ही पाच द्यायची. आयाच्या पगारातून पाच!

"मी मेल्यावर माह्यासाठी कोनाले हात जोडाले लागू नये," ती म्हणायची. "बाकी मले काही नाई पाहिजे."

एका ईस्टरला ब्रदरनी जाहीर केलं, की प्रभूनं आपल्याला हिंगण्याच्या वाटेवर दोन एकर जमीन दिली आहे. हॉलमध्ये रडारड झाली. वार्षिक अहवाल छापला, त्यात 'विसाव्याची जमीन घेण्यात आली' असं वाक्य, खाली चिटणीस म्हणून माझी सही. मी कागद पाहिला होता का? छे! ब्रदर सांगतात म्हटल्यावर कागद कशाला? ब्रदरना एवढा अभिमान, की जुन्या मंडळ्यांनाही एकेक प्रत मुद्दाम पाठवली. तुम्हीही अशा सह्या केल्या असतील, निदान होताना पाहिल्या असतील. सही करणारा माणूस त्या क्षणी फार प्रसन्न दिसतो.

ऑगस्टात जमीन दाखवायला तीन बसगाड्या भरून नेल्या. शेताच्या बांधावर दहा-बारा हात जागा साफ करून चार चुना लावलेले दगड ठेवलेले, मध्ये पाटी. लोक गुडघ्यावर बसले, माती कपाळाला लावली, मीही लावली. मावशी मात्र चिखलात बूट रुतवत पाटीच्या मागं गेली. तिथं कमरेएवढी कपाशी उभी होती, मध्ये तुरीचे तास.

"कबरस्तानात पराटी कोनं लावली गा?" तिनं मोठ्यानं विचारलं.

ब्रदर हसले. "भगिनी, आधीच्या मालकाचं पीक आहे ते. गरीब आहे, काढू द्या त्याला."

"वावर इकलं ईस्टरले, पेरनी झाली मिरगात. इकलेल्या वावरात कोनी पेरते का?"

कोणीतरी गाणं सुरू केलं. त्या गर्दीत नांगर धरलेल्या घरातली माणसं कमी नव्हती, पण शहरात येऊन सगळेच मिरगाची पेरणी विसरले होते. परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "सातबारा पाहू. सोमवारी सुट्टी टाक."

मी टाकली, तिचं तोंड बंद व्हावं म्हणून. तलाठ्यानं बोट ओलं करून पानं उलटली आणि नाव वाचलं. ते ब्रदरच्या साळ्याचं होतं. कसणारा म्हणून गावातल्या एका बटईदाराचं नाव. "आणि मंडळीचं नाव?" मी विचारलं. "कोणती मंडळी?" तलाठी म्हणाला.

तळं राखील तो पाणी चाखील, एवढं आम्ही मनातल्या मनात कधीच माफ केलं होतं. यानं तर तळंच साळ्याच्या नावावर करून दिलं! मेलेल्यांच्या जागेचा पैसा, हो! इतक्या बायकांनी मिठामिरचीतून वाचवलेला. मावशी रडली नाही, ओरडली नाही. नक्कल करून घेतली, पैसे दिले, तलाठ्याकडून पावती मागून घेतली.

"बाबू," बाहेर आल्यावर ती म्हणाली, "कागदावर सही तुही हाये. माही गोठ कोन आयकते? सभेत तूच उठजो."

"उठतो, मावशी," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, तेव्हा मी उठणारच होतो.

सभा नोव्हेंबरात होती. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याच हॉलमध्ये माझ्या मुलीचं लग्न. व्याही ब्रदरच्या शब्दाबाहेर नव्हते. सभेच्या आदल्या दिवशी ब्रदरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मुलीची तयारी झाली ना? हॉलचं भाडं तुमच्याकडून घेणार नाही हं मी." तलाठ्याकडून बातमी पोचली होती, हे कळायला मला वेळ लागला नाही. तो मऊ, अत्तराचा हात अजून कधीकधी खांद्यावर आहेसा वाटतो, आणि मी खांदा झटकतो. आता झटकून काय उपयोग?

सभेत प्रार्थना सुरू झाली. इमारत, विधवा, विसावा. मी त्या दिवशी खरोखरचे डोळे मिटले, कारण उघडले असते तर ती समोर दिसली असती. "आमेन" मीच सगळ्यात मोठ्यानं म्हणालो.

मग तिचा आवाज आला. "थांबा. माह्यापाशी सातबाऱ्याची नक्कल हाये. वावर साळ्याच्या—" एवढंच. गायनमंडळ जोरात सुरू झालं. दोन स्वयंसेवकांनी तिला दंडाला धरून दाराकडं नेलं. त्यातला एक तिच्याच हातावर जन्मलेला! दारात तिनं त्यांचे हात काढले, खाली बसून बुटांच्या नाड्या बांधल्या आणि निघून गेली.

पुढच्या आठवड्यात वडीलमंडळानं, म्हणजे मंडळीच्या कारभारी ज्येष्ठांनी, ठराव केला, की ही भगिनी फूट पाडते, तिला प्रभुभोजनाच्या विधीला बसू देऊ नये. असल्या पत्रावर चिटणिसाची सही लागते. केली. थू माझ्या जिंदगानीवर! पत्र द्यायला मीच तिच्या खोलीवर गेलो. तिनं ते दोनदा वाचलं, आणि माझ्यापुढं चहा ठेवला.

"काहून उभा हायेस? बस. पोरीचं लगन नीट होऊ दे गा. मंग बोल."

"बोलतो," मी म्हणालो.

लग्न झालं. मग मुलाच्या नोकरीला ब्रदरची चिठ्ठी हवी होती. मग मुलीचं बाळंतपण आलं, तेही मावशीच्याच वॉर्डात. नातीला पहिली आंघोळ तिनंच घातली. "नाक तुह्यावर गेलं गा," म्हणाली आणि पोर माझ्या हातात दिली. दुसरं काही विचारलं नाही. रस्त्यात मंडळीचे लोक तिला पाहून बाजू बदलायचे. मी बाजू बदलत नसे, घड्याळ बघायचो.

असं होता होता सहा-सात वर्षं गेली. निवृत्तीला थोडे महिने उरले असताना ती एका सकाळी वॉर्डातच चादरी बदलताना कोसळली आणि गेली. तिच्या पेटीतल्या एका कागदावर जवळचा माणूस म्हणून माझं नाव होतं, म्हणून नर्सनं मला बोलावणं धाडलं. मी ब्रदरकडे गेलो. ते नाश्ता करत होते.

"शिस्तीखालच्या व्यक्तीसाठी मंडळी पुढं कशी येणार?" ते म्हणाले. "शिवाय विसाव्याची परवानगी अजून कलेक्टरकडे अडकलीय. प्रार्थना करू आपण."

दुपारी मी त्या जुन्या चर्चच्या ऑफिसात गेलो, जिथं तिच्या नवऱ्याला कोपरा मिळाला होता. तिथले कारभारी वडील म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. मी हात जोडले. त्यांनी मला नीट ऐकून घेतलं, मग कपाटातून एक छापील अहवाल काढला आणि बोट ठेवून माझ्यापुढं सरकवला.

"तुम्हांला तर दोन एकर आहे. ही सही कोणाची?"

"माझी."

"मग?"

"खोटं आहे ते," मी म्हणालो. "जमीन नाही. कधीच नव्हती."

त्यांनी कोरा कागद आणि पेन दिलं. मी लिहिलं. चार ओळी झाल्या. तलाठ्याकडं काय पाहिलं, जमीन कोणाच्या नावावर आहे, मला हे कधीपासून ठाऊक आहे. सही केली. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, तारखेपाशी थांबले, पुन्हा वाचलं.

"हे त्या बाई जिवंत असताना का नाही लिहिलं?"

"मुलीचं लग्न होतं," मी म्हणालो.

खिळ्यावरची किल्ली काढून त्यांनी माणसाला कबरस्तानाचं फाटक उघडायला पाठवलं.