मार्काच्या पानांतले बेदाणे

पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, कडेला बोट लावून ते काल उघडलंय की महिन्यापूर्वी, हे सांगणारा माणूस साऱ्या सांगली जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. कुपवाडच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी सुट्या भागांची मापं तपासली. निवृत्तीनंतर मुलांना रोज एक अध्याय वाचायला लावणाऱ्या एका चळवळीचं काम घेतलं आणि दर रविवारच्या वर्गात आमच्या चर्चची अकरा मुलं तपासायला लागले. वाचलं की कार्डावर त्या दिवसाच्या चौकोनात खूण करायची असे. मामा कार्ड उजेडात धरत. "सात दिवसांच्या खुणा येकाच दमात. येताना रिक्षात केल्यास व्हय रं?"

मग त्यांनी तासगावहून बेदाणे आणले. त्यातल्या मार्काच्या शुभवर्तमानाचे अध्याय सोळा, म्हणून प्रत्येकाच्या पुस्तकात सोळा बेदाणे, अध्यायाला एक. त्या दिवसाचं वाचलं की तो खायचा. आठवड्याभरात अकरापैकी चार पुस्तकांना मुंग्या लागल्या. मामी म्हणाल्या, "आवं, पोरांच्या आदी मुंग्यांनी वाचाया घेतलं."

"घेऊ दे. त्या रोज तरी येत्यात."

सोळा दिवस उलटल्यावरच्या रविवारी एकाही पुस्तकात बेदाणा नव्हता. मामा खूश. त्यांनी विचारलं, यरीहोच्या वाटेवरच्या आंधळ्यानं उठताना काय टाकलं? सगळे पुस्तकं चाळायला लागले. शेवटी एक मुलगा म्हणाला, "मामा, आमी समदे येकाच दमात खाल्ले."

मामा सतरंजीवर बसले. म्हणाले, "म्हंजे मी नुसते बेदाणेच वाटत फिरलो. येकानंबी वाचलं नसंल तर वर्ग आजच थांबवू."

माझी नऊ वर्षांची मुलगी उठली. "मामा, मीपण सगळे खाल्ले. पण मी चौथ्या अध्यायात अडकलेय. वादळात येशू नावेत उशी घेऊन झोपला होता. कोळ्यांच्या नावेत उशी कुणी ठेवली?"

मामांनी चष्मा लावून अडतिसावं वचन दोनदा वाचलं.

"इतकी वर्सं वाचतोय, माझ्या नजरंतनं ही उशी सुटली की गं. मला ठाव न्हाई. तिकडं वर गेल्यावर त्यालाच विचारतो."

वर्ग थांबला नाही, पुढे नऊ वर्षं चालला. मामांना जाऊन आता चार वर्षं झाली. मुलगी पुण्याला नोकरी करते. फोनवर कधीतरी मधेच म्हणते, "पप्पा, मामांनी विचारलं असेल का हो?" खात्री नसलेल्या गोष्टीला मी सहसा हो म्हणत नाही. या एका प्रश्नाला म्हणतो.