भेदरं लाल होईपर्यंत

आमच्या सिस्टरबाईंना मी बसलेलं असं एकदाच पाहिलं. एरवी त्या चहासुद्धा उभ्यानंच प्यायच्या, फोन आला की दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझारा घालायच्या, आणि आभाळ भरून आलं की बोलणं अर्धवट टाकून मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, पळायच्या. तिथे त्यांनी टोमॅटो लावले होते. आमच्याकडे टोमॅटोला भेदरं म्हणतात, म्हणून आम्ही बाया त्यांना पाठीमागे भेदरेबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. "म्हना, म्हना. खाताना तं कोनी लाजत नाई," असं त्या वर ऐकवायच्या.

दवाखाना मुलचेरा गावाच्या बाजूला. नाल्यापलीकडच्या गावांतल्या दिवस भरत आलेल्या बाया पावसाळ्यात तिथल्या एका खोलीत येऊन राहायच्या, कारण नाला एकदा भरला की खाटेवर घालूनही कुणाला अलीकडे आणता येत नाही. माझं पहिलं बाळ असंच नाला भरलेला असताना घरी झालं आणि संध्याकाळ व्हायच्या आत गेलं. म्हणून दुसऱ्या वेळी सासूनंच मला लवकर धाडलं.

धाडलं खरं, पण माझं मन तिथे लागेना. घरी धानाची रोवणी सुरू आणि मी इथे आयतं खात बसलेली. मी रोज पिशवी भरायची आणि बाई रोज ती रिकामी करायला लावायच्या. शेवटी कंटाळून त्यांनी मला सांदवाडीत नेलं आणि एका झाडापुढे उभं केलं.

"हे तुझं झाड. यावरचं पयलं भेदरं लाल झालं का तू मोकळी. तोवर घराचं नाव काढू नोको."

खोलीतल्या प्रत्येकीला असं एकेक झाड दिलेलं होतं. कुणाला कोणतं द्यायचं हे बाई आमची पोटं बघून ठरवतात, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं. जिला वेळ होता तिच्या झाडाला नुकती फुलं यायची.

पावसाळ्यात भेदरं जगवणं म्हणजे नसता ताप. "झाडाले पानी नाई मारत, अंगावर उडाला चिखल मारते," असं बाई सांगायच्या. म्हणून बुडाशी धानाची वाळलेली तणस अंथरायची, मातीला टेकलेली पानं खुडायची, आणि झाड काठीला बांधायचं. बांधायला उरल्यासुरल्या बँडेजच्या पट्ट्या. सगळी सांदवाडी हातपाय मोडून भरती झाल्यासारखी दिसायची. मी सकाळी उठले की आधी माझं भेदरं बघायला जायची. ते हिरवं ते हिरवंच. मी त्याला मनसोक्त शिव्या द्यायची.

एक दिवस नवरा न्यायला आला. रोवणीला माणसं मिळेनात, सासूची कंबर धरलेली, नाल्याला अजून गुडघाभरच पाणी. मी पिशवी उचलली. बाईंनी वाद घातला नाही. त्याला सांदवाडीत नेऊन झाड दाखवलं.

"पाह्य भाऊ, अजून हिरवं हाय. लाल झालं का खुशाल ने."

तो हसला. "बाई, एका भेदऱ्यापायी माणूस अडवता काय?"

"तिच्यापायी थांब म्हटलं असतं तं तू भांडला असता. भेदऱ्यापायी म्हटलं तं हासून राह्यला. अन् हासला मानूस थांबते."

आणि खरंच, तो एक दिवस थांबला. बाईंनी त्याला लगेच काठ्या रोवायला लावलं. संध्याकाळी जो पाऊस लागला तो थांबेचना. नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, रपट्यावरून, पाणी गेलं. आता व्हरांड्यात दोघं येरझारा घालत होते, एकीकडून बाई, दुसरीकडून नवरा. मला कळा सुरू झाल्या तेव्हा नाल्याचा आवाज खोलीत येत होता, आणि मला सारखं पहिलंच बाळ आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. ती आधी रडलीच नाही. बाईंनी तिला पुसलं, चोळलं, तळपायांवर टिचक्या मारल्या. मग ती रडली. तशा भेदरेबाई भिंतीला टेकून फरशीवरच बसल्या. बराच वेळ उठल्या नाहीत.

पाऊस उघडल्यावर त्या माझं भेदरं घेऊन आल्या. पाण्यानं तडकलं होतं. "फुटलं, पन लाल हाय. आता जाय," म्हणाल्या आणि मिठाची पुडी हातात ठेवली.

पुढच्याच पावसाळ्यात त्यांची बदली झाली. मी मुलीला कडेवर घेऊन निरोपाला गेले, तर सामान गाडीत चढलेलं आणि झाडांवर हिरवे घोस लटकलेले. "बाई, लाल तं होऊ द्या," मी म्हटलं.

"मी काय बाळंतीन हाय का थांबाले?" त्या हसल्या. गाडीपाशी गेल्या, परत आल्या, एका झाडाची सुटलेली पट्टी घट्ट केली, आणि मग गेल्या. मला फार रडू आलं.

आता माझ्या सांदवाडीतही दर पावसाळ्यात भेदऱ्याची झाडं असतात. पहिलं भेदरं लाल झालं की माझा हात ते तोडायला धजत नाही. वाटतं, हे तोडलं की कुणीतरी निघून जाईल. मी नुसती आतबाहेर करत राहते. तोवर मुलगी ते तोडून, मीठसुद्धा न लावता, उभ्यानंच खाऊन टाकते.