चिकलठाण्याला न उतरलेली ताई

सरकारी विमान तेव्हा दिल्लीहून निघायचं आणि जयपूर, जोधपूर, उदयपूर, मग आमचं औरंगाबाद असे टप्पे घेत मुंबई गाठायचं. आईला त्याचं भारी कौतुक. “बसल्या जागी लेक घरी येती, अजून काय पाहिजे?”

दिल्लीला दिलेल्या ताईचा आठवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाहिजे, हा आईचा हट्ट. स्वतः दिल्लीला जायला ती तयार नव्हती, कारण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही. मी भडकलेच. “दिल्लीत काय दवाखाने नाहीत? कुठला कायदा हा?”

“आमच्या कन्नड तालुक्यात असंच चालत आलंय. तू गप बस.”

इतके दिवस भरलेल्या बाईला विमानात घेत नसत. ताईला ते ठाऊक होतं, आईलाही. थंडीचे दिवस होते. ताई शालीखाली पोट झाकून चढली.

चिकलठाण्याच्या विमानतळावर आम्ही दोघी तारेच्या कुंपणाशी उभ्या होतो. विमान उतरलं. अजिंठा बघायला आलेले गोरे उतरले, दोन-चार व्यापारी उतरले, मग कुणीच नाही.

“सामान काढत असंल,” आई म्हणाली.

शिडी बाजूला झाली, दार लागलं. आई तार धरून हळू आवाजात म्हणत राहिली, “थांबवा की त्याला, माझी लेक आत हाये.”

तेवढ्यात कचेरीतल्या साहेबांनी आम्हाला आत बोलावलं. ताईला कळा सुरू झाल्या म्हणून उदयपूरलाच उतरवलं होतं. पुढचं त्यांना काही माहीत नव्हतं. ट्रंक कॉल लागेना.

दुसऱ्या दिवशी त्याच विमानानं आम्ही उलट्या दिशेनं निघालो. आईनं माझं मनगट एवढं आवळलं की बांगडी रुतली. मला तिचा संताप येत होता आणि कीवही.

सरकारी दवाखान्यात ताई पांढरीफटक पडली होती. शेजारी कापसात गुंडाळलेली मुलगी, मुठीएवढी. श्वास घेत होती.

आई जवळ गेली तर ताईनं तोंड फिरवलं. “मला माहेर नको होतं, आई. तू पाहिजे होतीस.”

महिनाभर तिथल्या धर्मशाळेत राहून आईनं दोघींचं सगळं केलं. निघायच्या दिवशी मला एकटीलाच औरंगाबादच्या विमानात बसवलं, आणि ती नातीला घेऊन ताईबरोबर दिल्लीला गेली.