डोळे आले तेव्हा

दोरीवर माझा टॉवेल एकटाच वाळतोय. घरातले बाकीचे कपडे दुसऱ्या टोकाला खेटून बसलेत. कारण माझे डोळे आलेत. मराठीनं काय झकास क्रियापद दिलंय बघा, पाहुणे यावेत तसे डोळे येतात! आणि आले तेही कधी? लेक सात महिन्यांच्या बाळाला घेऊन पहिल्यांदाच घरी आली, त्याच सकाळी.

शेजारच्या वहिनी पदरानं तोंड झाकून जिन्यातूनच ओरडल्या, "भाऊजी, माझ्याकडे बघू नका हं!" मी काळा चष्मा नाकावर सरकवून नाटकातल्या खलनायकासारखं टक लावून बघितलं. बिचाऱ्या दोन-दोन पायऱ्या उतरत पळाल्या.

"बाबा, छळू नका त्यांना," लेक हसत म्हणाली. "बघून काही होत नाही. तुम्ही डोळा चोळता आणि तोच हात कडीला, उशीला लावता, त्यानं पसरतं. साबणानं हात धूत राहा. बाळाला बघा हवं तेवढं, फक्त घ्यायचं नाही."

हवं तेवढं! सकाळपासून बघतोय, पण जावळाचा वास डोळ्यांना येत नाही, इवल्या मुठीची पकडही कळत नाही. माणूस माणसाला जे देतो ते हातानंच देतो, माया काय आणि आजार काय.

आत्ता आईच्या खांद्यावरून त्यानं मला पाहिलं, बोळकं पसरलं आणि दोन्ही हात माझ्याकडे केले. मी माझे पाठीमागे घट्ट धरले.

"राजा," मी दारातूनच म्हणालो, "जरा दम धर. आजोबा बरे होतायत."