सावंगीचा खण

सुनंदा ऑपरेशनच्या टेबलावर होती, भुलीचे डॉक्टर थांबले होते, आणि दवाखान्यातल्या आमच्या चारही खिडक्यांवरचे कॉम्प्युटर ढिम्म बसले होते. तळेगावहून जीपमध्ये घालून आणलेली बाई. दुसरं बाळंतपण, मूल आडवं, पोट कापल्याशिवाय इलाज नव्हता. तिचा नवरा खिडकीला धरून एकच सांगत होता, "मागच्या खेपेले भुलीची सुई देल्ली अन् तिचा श्वासच बंद पडलता. कोणती सुई ते मले नाई मालूम. तुमच्याच दवाखान्यात झालतं, तुमच्याच कागदावर असंन." कागद होताच. पण हजारो कागदांतला तिचा कोणता, तो नंबर मशीनमध्ये, आणि मशीन उत्तर देत नव्हती.

त्या वेळी माझ्या शेजारी आमच्या रेकॉर्ड रूमचे प्रमुख प्रल्हाद मून उभे होते. ते गेल्या महिन्यात वर्ध्याला वारले. शोकसभेत सगळे म्हणाले, दवाखान्यात कॉम्प्युटर चालवून दाखवणारा माणूस गेला. ते खरं आहे. पण त्या सकाळची गोष्ट कुणी काढली नाही. काढायला तिथं होतं तरी कोण... मी होते, पण मला भाषण जमत नाही. म्हणून लिहिते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आणीबाणीच्या आधी मी त्या रेकॉर्ड रूममध्ये कागद काढून द्यायला लागले, तेव्हा मूनभाऊ नवेच क्लार्क होते. अक्षर मोत्यासारखं आणि हट्ट दगडासारखा. पेशंटला नंबर कधी आठवत नसे, आणि नावावरून शोधावं तर एका नावाच्या दहा बाया निघत. एकदा ते दुपारभर एका बाईचं कार्ड शोधत बसले. मी विचारलं, "तिचं माहेर इचारलं काय?" त्यांनी हातातली कार्डं खाली ठेवली. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून कार्डावर बापाचं नाव आणि माहेरचं गाव असतं. पुढच्या खेपेला तीच बाई सासरच्या नावानं येते. मी म्हटलं, "बाईले दोन गावं असतात, भाऊ. तुमाले एकच हाय, म्हून तुमच्या ध्यानात येत नाई." ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून त्यांनी गावागणिक कार्डांचे लाकडी खण करवून घेतले. कार्डावर नंबर, नंबरावरून कागद. शिवाय मी घरी जाण्याआधी उद्या तपासायला येणाऱ्यांचे कागद काढून वेगळी थप्पी लावून ठेवायची. सकाळी गर्दी झाली तरी निम्मे कागद हाताशी असत.

मग पुढच्या दशकात कॉम्प्युटर आला. गार खोलीत एक मशीन, तिथून चार खिडक्यांपर्यंत वायरी. चौघांनी एकाच मशीनमध्ये पाहायचं. मूनभाऊ त्या खोलीत चप्पल काढून जात. खण दोरीनं बांधून वरच्या मजल्यावर गेले. मी म्हटलं, "राहू द्या ना इथंच, कोनाले खातात काय?" ते म्हणाले, "शेवंताबाई, आता सारे खण मशीनच्या पोटात हायेत." मला राग आला होता. अजूनही येतो.

त्या सकाळी मशीन पाहायला बाहेरचे पाहुणे यायचे होते. त्यांना दाखवायला मूनभाऊंनी सगळ्या वर्षाचा अहवाल ऐन ओपीडीच्या वेळी चालू केला होता. मशीन मोजणीत गुंतली आणि खिडक्यांना विसरली. मधेच बंद करावी तर आतलं सगळं पुसलं जाईल, अशी त्यांना भीती. "पाच मिनटात होते," ते म्हणाले. पाच मिनिटांनी पुन्हा तेच म्हणाले.

मी नवऱ्याला विचारलं, "तिचं माहेर कोणतं?"

"सावंगी."

"बापाचं नाव सांग अन् इथंच थांब."

मी वर गेले. सावंगीचा खण सगळ्यांत खाली होता. दोरी सुटेना, तेव्हा दातानं तोडली. वरचे खण एकेक करून उतरवले, कार्ड काढलं, खाली आले. नंबरावरून कागद मी काढला आणि तो घेऊन मूनभाऊ स्वतः ऑपरेशनच्या खोलीकडे धावले. त्यांना धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. खण जागेवर असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

डॉक्टर नंतर म्हणाले, उशीर तळेगावपासूनच झाला होता, तुमच्यामुळं नाही. मूनभाऊंनी ऐकून घेतलं, पण मानलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर स्टूल घेऊन बसले. हातात घड्याळ. "शेवंताबाई, तुमी कागद कसा काढता ते मले दाखवा."

"आता काऊन? मशीन हाय ना."

"दाखवा म्हणतो ना."

दोन दिवस ते बसून होते. मी कुठं आधी हात घालते, काय विचारते, कोणत्या कपाटाकडे जातच नाही, सगळं लिहून घेतलं. नागपूरहून मशीनचा इंजिनिअर आला. तो म्हणाला, "भाऊ, मशीन छोटी पड रही है, बड़ी लगेगी." मूनभाऊ म्हणाले, "मशीन नाई हो लहान. चार जण एकाच कपाटात हात घालून राह्यले, अन् प्रत्येक जण पहिल्या कार्डापासून शेवटच्यापर्यंत पाहून राह्यला. या बाईले पाहा, हे सारं कपाट धुंडतच नाई." इंजिनिअर आधी हसला, मग वही काढून बसला. मशीनमधल्या याद्या गावागणिक तोडल्या. प्रत्येक बाईच्या नावासमोर माहेर आलं. उद्या येणाऱ्यांची छोटी यादी संध्याकाळीच वेगळी निघू लागली आणि चारही खिडक्या आधी तिच्यात पाहू लागल्या. अहवाल शेवटचा पेशंट उठल्यावरच. मशीन तीच, वायरी त्याच, पण खिडकीवरच्या बाईचं नाव सांगून होईपर्यंत नंबर समोर येऊ लागला. लोक त्यांचं कौतुक करत. माझ्याशी ते त्यावर कधी बोलले नाहीत. खण मात्र खाली आले, ते मशीन बदलली तरी हलले नाहीत.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. ते खाटेवर होते, आवाज गेला होता. उशाशी सावंगीचा खण. दवाखान्यानं सगळे खण मोडीत काढले तेव्हा त्यांनी तो एक घरी आणला होता, हे मला माहीत नव्हतं. परवा त्यांच्या बायकोनं तो माझ्यापुढं ठेवला. "तुमीच घेऊन जा," ती म्हणाली. "यातलं कार्ड ते रोज पाहात. आमाले काई सांगत नव्हते."

खण आता माझ्या घरी आहे. आत एकच कार्ड, कडा झिजलेल्या. सुनंदाच्या बापाचं नाव, गाव, नंबर. मागच्या बाजूला मूनभाऊंच्या अक्षरात दोन ओळी. विचारलं, दहा वाजून दहा. मिळालं, दहा पस्तीस.

खाली जागा कोरी आहे. तिथं त्यांच्यानं लिहवलं नाही, ते मी इथं लिहिते. सुनंदा वाचली. बाळ वाचलं नाही.