प्रोबवाले अण्णा

"डोक्याला तेल लावलीस व्हय आज?"

कलबुर्गीच्या आमच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की अण्णांचा पहिला प्रश्न हा. राम राम नंतर. चेहऱ्याकडे न बघता ते आधी आमच्या बोटांकडे बघायचे, मग नाक वर करून हुंगायचे. मी बिदरच्या मैलूरची. पीएचडीसाठी तिथं आले त्या पहिल्याच दिवशी मनात म्हटलं, बाई गं, हा माणूस पोलिसात का गेला नाही!

अण्णा आमचे प्रयोगशाळा सहायक. त्यांच्या ताब्यात एक खोली आणि खोलीत एकच यंत्र, थरथरणारा प्रोब. बटणाएवढं धातूचं टोक. ते नमुन्याच्या वर केसाएवढं अंतर राखून खालीवर थरथरतं, पण टेकत नाही. दोन धातू असे जवळ आले की त्यांच्या पृष्ठभागांमधला विजेचा फरक त्या थरथरीतून कळतो आणि यंत्र तो आकड्यात सांगतं. आता यंत्रच जिथं हात लावत नाही तिथं आपल्या बोटांचं काय काम? तेलकट ठसा उमटला की आकडा बिघडला.

म्हणून रोज सकाळी आधी नखाएवढा सोन्याचा पत्रा मोजायचा. सोन्याचा गुण ठरलेला, त्याच्यावरून बाकीच्यांचं माप धरायचं. तो पत्रा अण्णा चिमट्यानं उचलायचे आणि तेवढा वेळ खोलीत कुणाला बोलू द्यायचे नाहीत.

एकदा एक पाहुणे प्राध्यापक भजी खाऊन आले, तर अण्णांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "साबण लावून या सर." पाहुणे चिडले. अण्णा शांतपणे म्हणाले, "शिवू नको म्हणणारे मी जल्मभर बघितलो. हितं मी म्हणतो, कुणीच शिवू नका. मी सुदिक शिवत न्हाई." पाहुणे मुकाट्यानं नळाकडे गेले. आम्ही पोरी तोंडाला ओढणी लावून हसलो.

त्या वर्षी दसऱ्यानंतर माझे आकडे एकदम झकास यायला लागले. पीएचडीसाठी मी धातूचे जे पातळ थर बनवत होते त्यांचा आकडा अपेक्षेपेक्षा वर. आमचे गाईड सर खूश, लेख लिहून पाठवलासुद्धा. अण्णा मात्र तोंड पाडून.

"सोन्याचा आकडा सरकलाय. कुणीतरी हात लावलंय."

झालं! प्रत्येकाची उलटतपासणी सुरू. झाडणाऱ्या अक्कांना विचारलं, सरांना विचारलं, मला तर तीनदा. मी जाम वैतागले. आणि मलाच उलटा संशय यायला लागला. पत्र्याला रोज हाताळतं कोण? अण्णाच. नजर अधू झालीय कुणाची? अण्णांचीच. निवृत्तीला चार महिने राहिलेत, माझं चांगलं यांना बघवत नसेल. खरं सांगू? त्या शंकेत आणखीही काही होतं. सरांकडे दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला मी धजले नसते. अण्णांचं सहज घेतलं. त्याची मला आजही लाज वाटते.

सरांनी अण्णांकडून किल्ली काढून घेतली आणि माझ्याकडे दिली. अण्णा खोलीबाहेर स्टूल टाकून बसायला लागले.

आठ दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. "पत्रा घेऊन ये. सूक्ष्मदर्शकाखाली धर." मी धरला. "कडंला बघ. ओरखड्यात."

ओरखड्यात लाल कण होता. कुंकवाचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजेला सगळ्या यंत्रांना हळदकुंकू मीच लावलं होतं. पत्र्याची डबी उघडली, आत सोनं दिसलं. सोनं म्हणजे लक्ष्मी, तिला कसं वगळायचं? बोटानं टिकली लावली, नमस्कार केला आणि 'स्वच्छ' राहावं म्हणून ओढणीनं पुसून ठेवलं. अण्णा तेव्हा रजेवर, किल्ली सरांकडे. धम्मचक्र दिनासाठी ते दरवर्षी दोन दिवस आधीच गावाकडं जायचे. आणि एवढी विचारपूस झाली तरी मला ते आठवलं नव्हतं, कारण देवाला लावलेला हात हात लावण्यात धरायचा असतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

"सरला तूच सांग," अण्णा म्हणाले. "मी सांगितलो तर कोण ऐकायलंय?"

मी सांगितलं. पण काय, तर "सर, पत्रा खराब झालाय, सगळं पुन्हा मोजते." कुणी खराब केला ते गिळलं. सरांनी हं म्हटलं आणि दोष अण्णांच्या खाती धरला. लेख मागे घेतला, मी सगळं पुन्हा मोजलं, आकडे साधेच आले. अण्णा निवृत्त झाले ते बाहेरच्या स्टुलावरूनच.

पुढे झाडणाऱ्या अक्कांनी मला अडवलं. "काय गं, अण्णानं सोनं चोरलं म्हणं? आमच्या वसाहतीत समदे तसंच म्हणायलेत. म्हणून तर घर सोडून गावाकडं गेले बिचारे."

दुसऱ्या दिवशी सकाळची, अण्णांच्या गावाकडची अफजलपूरची बस धरली. वाटेत उसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला, तेव्हा परत फिरावं असंही वाटलं.

दारात अण्णांची बायको. "कामून आलीस? अजून झडती राहिली व्हय?"

अण्णा ओट्यावर बसले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "चुकलं माझं, अण्णा. सरांना सगळं सांगते."

"कवा?"

"उद्या गेल्या गेल्या."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. माझ्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि का असावा? "फोन हाय न्हवं तुझ्याजवळ? आत्ता लाव. आवाज मोठा कर."

मी लावला. सर मराठीच, सोलापूरकडचे, त्यामुळे ऐकणाऱ्याला सगळं कळत होतं. टिकली, ओढणी, अण्णांची रजा, माझं गप्प बसणं, एकेक सांगितलं. अर्ध्यात रडू आलं, तरी सांगितलं. सर मग म्हणाले, "अण्णा तिथं आहेत का? त्यांना फोन दे."

अण्णांनी फोन घेतलाच नाही. ते दाराकडे वळले होते. उंबऱ्यात त्यांची बायको तोंडाला पदर लावून उभी होती.

"ऐकलीस का गं?" त्यांनी तिला विचारलं. "सोनं मी घेतलो न्हवतो."